घरात राहणारी माणसं : दोन

कारभारी विधातेने दुसरं लग्न केलं, ही बातमी निंबाळवाडीत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पसरली आणि ती सगळ्यात शेवटी कारभारीला कळली.

बातमी निघाली शौकतच्या वेल्डिंगच्या दुकानातून. जनगणनेचं काम लागलेल्या प्रतिभाबाई पिंपळगावकडच्या शाळेत शिक्षिका. त्या दिवशी स्कूटीवरून गावात आल्या, तर कारभारीच्या घराला कुलूप. तो बँकेत गेला होता. बाईंनी शौकतच्या दुकानापाशी गाडी थांबवली आणि विचारलं, "विधाते काका नाहीयेत घरी. काकू तरी कधी भेटतील?"

दुकानात तेव्हा चार-पाच जण द्राक्षबागेचे अँगल जोडून घ्यायला बसलेले. शौकतने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. गेल्या वर्षी होळीनंतर कारभारीची बायको मैना गेली तेव्हा तिच्या तिरडीला पुढून खांदा देणाऱ्यांत तो होता. पण बाईंच्या हातात मोबाईल होता, मोबाईलमध्ये यादी होती आणि यादीत काहीतरी लिहिलेलं होतं, एवढं त्याच्या ध्यानात आलं. आपल्या दोस्ताने सरकारला काहीतरी सांगितलंय. चार लोकांत त्याला खोटं कसं पाडायचं?

"काकू ना?" शौकत म्हणाला. "असतील की. जरा बाहेर गेल्या असतील." आणि त्याने चष्मा खाली ओढून ठिणग्या उडवायला सुरुवात केली.

बाई गेल्या. ते चार-पाच जण मात्र गेले नाहीत.

संध्याकाळपर्यंत कारभारीची नवी बायको पेठकडची असल्याचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिंडोरीची झाली, दुपारी दवाखान्यात नर्स होती म्हणून कळलं. खात्री करायला लोक मंगलाबाईकडे गेले. तिची आणि कारभारीची भिंत एक. मैना गेल्यापासून कारभारीच्या दोन वेळच्या पोळ्या तीच देत होती. आपल्याला माहीत नाही असं काही गावात घडलं, हाच मंगलाबाईला अपमान वाटला. म्हणून ती म्हणाली की मला तर केव्हाचं माहितीये, बांगड्यांचा आवाज येतो ना रात्रीचा. एवढं बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच प्रश्न पडला की मग आपण पोळ्या कुणासाठी देतोय. पण बोललेलं मागे कसं घ्यायचं?

कारभारीला आधी नुसतं काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. दूध केंद्रावर अर्धा लिटर घेताना पोराने विचारलं, आता अर्ध्यात भागतं का काका? पिठाच्या गिरणीत दोघी बायका बोलता बोलता गप्प झाल्या आणि एकीने त्याच्या सदऱ्याची इस्त्री बघितली. इस्त्री त्यानेच केली होती. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, त्याला चुरगळलेलं चालत नसे.

मग गोटीराम आला. गोटीराम म्हणजे सरपंच नवनाथचा धाकटा भाऊ, वय छत्तीस, दोन एकर बाग, स्वतःचा ट्रॅक्टर, आणि लग्न नाही. निंबाळवाडीत तिशी ओलांडलेली आणि लग्न न झालेली बेचाळीस पोरं होती. हा आकडा सगळ्यांना पाठ होता, कारण ही पोरं एकमेकांना मोजत असत. गोटीराम ओट्यावर बसला, पाणी प्याला, द्राक्षाच्या भावाबद्दल बोलला, थंडीबद्दल बोलला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "काका, तुमचं जमवलं कुणी? नंबर मिळंल का त्यांचा?"

"कसलं जमवलं?"

"आता काय लपवता. आमाला पस्तिशी उलटली तरी कुणी दारात उभं करंना. तुमचं अडुसष्टाव्या वर्षी जमलं. म्हणजे माणूस हुशारच असंल तो मधला."

असं ते कारभारीला कळलं.

तो तसाच उठून शौकतच्या दुकानात गेला. शौकतने त्याला येताना पाहिलं आणि गिऱ्हाईक नसतानाही वेल्डिंग सुरू केलं. कारभारी उभा राहिला. कांडी संपेपर्यंत उभाच राहिला. मग शौकतला चष्मा काढावाच लागला.

"फिटर, मला एक सांग," शौकत म्हणाला. तो कारभारीला कधी नावाने हाक मारत नसे. "तू त्या बाईला उन्हाळ्यात घरात किती माणसं सांगितली होतीस?"

कारभारीने कांडीचं थोटूक पायाने बाजूला सारलं.

"दोन ना? मग मी काय चुकीचं सांगितलं? तुझंच पुढं चालवलं."

आता या दोनाची गोष्ट सांगायला हवी.

उन्हाळ्यात, मे महिन्यात, प्रतिभाबाई घरांची यादी करायला आल्या होत्या. मैना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. कारभारी ओट्यावर टेबल फॅन उघडून बसला होता. बाई एकेक विचारत गेल्या, हा पंख्यात डोकं घालून उत्तरं देत गेला. भिंती कशाच्या? विटांच्या. खोल्या किती? तीन. पाणी? नळाचं. मुख्य धान्य कोणतं खाता? बाजरी. घरात राहणारी माणसं किती? दोन. लग्न झालेली जोडपी किती? एक. बाईंनी सगळं मोबाईलमध्ये भरलं, त्याच्या दारावर खडूने आकडा टाकला आणि पुढच्या घरी गेल्या.

पंख्याचं झाकण बसवताना कारभारीच्या लक्षात आलं. बाजरी तर दोन महिन्यांत घरात शिजली नव्हती. मंगलाबाईच्या गव्हाच्या पोळ्या चालू होत्या. त्याने सगळं घर मैना असतानाचं सांगितलं होतं. बाई अजून समोरच्या गल्लीत दिसत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्याने मारली नाही. फेब्रुवारीत माणसं मोजायला येतीलच, तेव्हा दुरुस्त करू, असं त्याने मनाशी ठरवलं.

मोजणीत चूक करणारा तो माणूस नव्हता, उलट त्याची सगळी नोकरीच मोजण्यात गेली. विमानाच्या कारखान्यात पाना घ्यायचा तर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, काम झालं की पाना जागेवर आणि बिल्ला खिशात. एक जरी पाना कमी भरला तरी विमान बाहेर जात नाही, न जाणो तो आतच राहिला असेल. एकदा एक स्क्रू ड्रायव्हर सापडेना. तीस-चाळीस माणसं तीन तास शोधत होती, विमानाचे बसवलेले पत्रे पुन्हा उघडले. मग कारभारी साहेबासमोर जाऊन उभा राहिला. स्क्रू ड्रायव्हर त्याच्याच मागच्या खिशात होता. कुणाला न कळता तो कुठेतरी ठेवून देता आला असता, पण त्याने तसं केलं नाही. ही गोष्ट मैना घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची. त्याने कबूल केलं हा भाग ती गाळायची, आणि तीन तास स्वतःच्या खिशावर बसून शोधत होते हा भाग दोनदा सांगायची.

"सांगून टाक बाईला," शौकत म्हणाला. "त्या वेळी साहेबाला सांगितलंस तसं."

"सांगतो," कारभारी म्हणाला. पण त्याच्या आवाजावरून शौकतला ते खरं वाटलं नाही.

रविवारी नाशिकहून उज्वला आली. कारभारीची मुलगी, इंदिरानगरला राहते. ती एरवी फोन करून येते, त्या दिवशी न सांगता आली आणि चप्पल काढायच्या आधी स्वयंपाकघरात गेली. तिने डबे उघडले, फ्रिज उघडला, दोरीवरचे कपडे पाहिले. पुण्याहून तिच्या भावाचा, रोहितचा, तोवर तीनदा फोन येऊन गेला. तिसऱ्या वेळी ती हळू आवाजात म्हणाली, "थांब रे, अजून बघतेय." कारभारी बाहेर बसून ऐकत होता. त्याला मजा वाटू लागली होती.

मोरीत तिला दोन कप सापडले. ते घेऊन ती बाहेर आली आणि ते त्याच्यासमोर ठेवून उभी राहिली.

"एक शौकतचा," कारभारी म्हणाला. "मला एका माणसाचा चहा जमत नाय. लय कडक होतो, नायतर पाणी होतं. दोघांचाच होतो नीट. मग सकाळी त्याला हाक मारतो."

 उज्वलाने कप आत नेऊन घासले. आधीच धुतलेले होते, तरी घासले. बाहेर येऊन तिने रोहितला फोन लावला आणि सांगितलं की काही नाही, शौकतकाका आहेत. मग ती कारभारीला म्हणाली, "आप्पा, बाईंना फोन करून सांगा ना. कशाला लोकांच्या तोंडी विषय द्यायचा?"

"करू," तो म्हणाला.

का करत नाही, ते त्याने लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मैनाची होती.

रोहितच्या आधी मैनाला एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नाव नव्हतं. घरातल्यांनी त्यानंतर तो विषय काढला नाही, मैनानेही काढला नाही, मुलांना तर ठाऊकच नव्हतं. पण जनगणनेवाले आले की बायांना एक प्रश्न विचारतात. मुलं किती झाली? हयात किती? एक्क्याण्णव साली मैनाने पदर सावरून सांगितलं होतं, तीन झाली, दोन आहेत. दोन हजार एकला सांगितलं. दोन हजार अकराला सांगितलं. दर वेळी कारभारी बाजूला बसलेला असे आणि दर वेळी ती हे वाक्य इतकं स्पष्ट बोले, की ती दहा वर्षं त्यासाठी थांबली होती असं वाटावं. लिहिणारा लिहून घेई. मग ती उठून चहा टाकी. पुढची दहा वर्षं पुन्हा काही नाही.

एकवीस साली कोणी आलं नाही. कोरोना होता. बावीस साली तिने विचारलं, अजून कसे येत नाहीत मोजायला? तेवीस साली विचारलं. कारभारी म्हणाला होता, तुला काय घाई, रेशन वाढवून देणारेत का? ती हसली होती. मग विचारायचं तिने सोडून दिलं.

आता बाईंना 'एक' म्हणून सांगितलं, की मैनाचं पान बंद. आणि मैनाचं पान बंद झालं की तो प्रश्न त्या घरात कुणालाच विचारला जाणार नव्हता. एक म्हटल्यावर एक कमी होत नव्हतं, दोन कमी होत होती. फिटर माणसाला हा हिशोब बरोबर कळत होता.

सोमवारी सरपंच नवनाथ आला. त्याचा हिशोब वेगळा होता. मागच्या जनगणनेत गाव सोळाशेच्या वर होतं. आता त्याने स्वतः वहीत मोजून पाहिलं, तर सगळे मिळून पंधराशे एक भरत होते. पंधराशेच्या वर गेलं तर पंचायतीत नऊ सदस्य, नाहीतर सात. त्याने नाशिकला, पुण्याला, अगदी सुरतला फोन लावले होते की बाबांनो, मोजणीपुरते तरी गावाला या. लोक म्हणत, आम्ही राहतो तिथंच मोजणार ना. नवनाथ वही उघडून दाखवत होता. एकतीस घरांना कुलूप. त्रेपन्न घरांत फक्त म्हातारा-म्हातारी. अंगणवाडीत पोरं एकोणीस, आणि त्यातली सात द्राक्ष तोडायला आलेल्या सुरगाण्याच्या मजुरांची, ती मार्च संपला की जाणार. नव्या सुना गेल्या दोन वर्षांत तीन.

"गावाला पोरी मिळंनात, हे आपलं दुखणं," नवनाथ म्हणाला. "आन् तुमच्यासारख्यांनी उमेद दाखवली तर गाव काय नाव ठेवणार हे का? बाई कुटं बी असू द्या. यादीत दोन हेत, दोनच ऱ्हाऊ द्या. पंधराशे एक म्हणजे काठावर हे, काका. तुमच्या एका आकड्यावर दोन मेंबर उभे हेत."

कारभारीने त्याला खरं सांगितलं नाही. नवनाथला खरं ठाऊक असावंच, असा त्याला संशय आला. सरपंचांना बहुतेक ठाऊक असतं.

बाई गुरुवारी दुपारी आल्या. सकाळीच फोन करून आल्या, म्हणजे काकू घरी राहतील. त्यामुळे मंगलाबाईला त्याच वेळी भिंतीपाशी मेथी निवडायला बसणं भाग पडलं. नवनाथ सहज इकडून चालला होता, तो थांबला. शौकत दुकान बंद करून आला आणि ओट्याच्या कोपऱ्यात बसला. त्याची बायको माजिदा त्याला म्हणाली होती, आग तुम्ही लावलीत, तेव्हा विझेपर्यंत हलायचं नाही.

बाईंनी मोबाईल काढला. कुटुंबप्रमुख, कारभारी रंगनाथ विधाते. वय अडुसष्ट. त्यांनी ते वाचून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "आता दुसऱ्या व्यक्तीचं नाव सांगा, काका."

मंगलाबाईचा हात मेथीत थांबला. नवनाथ खाकरला. शौकत जमिनीकडे बघत होता.

कारभारी साहेबासमोर उभा राहिला होता तसा उठून उभा राहिला. बाई बसलेल्या होत्या, त्याही नकळत उभ्या राहिल्या.

"बाई, चूक माझी हे," तो म्हणाला. "मे महिन्यात मी दोन सांगितले. तेव्हाच एक होता. ती मार्चात गेली. तोंडातून निघून गेलं आन् मग मी तुमाला हाक मारली नाय. यांच्या कुणाची चूक नाय. दुसरं लग्न-बिग्न काय नाय."

 बाईंनी माफी मागितली, म्हणाल्या, मला खरंच कल्पना नव्हती, मी दुकानात विचारलं तेव्हा... आणि त्यांनी शौकतकडे पाहिलं. शौकतने आभाळाकडे पाहिलं.

"पंधराशे," नवनाथ हळूच म्हणाला आणि वही बंद केली.

बाईंनी पुन्हा खाली बसून दुरुस्ती केली. पुढचा प्रश्न वैवाहिक स्थितीचा होता. तो त्यांनी विचारला नाही, स्वतःच 'विधुर'वर बोट लावलं. बाकीचे विचारले. शिक्षण, धंदा, जन्म कुठला, गावात किती वर्षं. झालं. त्या मोबाईल पर्समध्ये ठेवायला लागल्या.

"बाई," कारभारी म्हणाला, "बायांना एक प्रश्न असतो ना? मुलं किती झाली, त्यातली किती आहेत?"

"हो, असतो."

"माणसांना नसतो?"

"नाही काका. तो बायकांनाच असतो."

"मग ज्याची बाई गेली, त्याचं कोण विचारतं?"

बाईंनी मोबाईल पुन्हा उघडला. वर केलं, खाली केलं. तसा रकाना नव्हता, नाही हे त्यांना ठाऊकच होतं, तरी त्यांनी पाहिलं. मग मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

"काका, मुलं किती झाली?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"हयात किती?"

"दोन." कारभारीने पुढे सांगितलं. "पहिली मुलगी होती. नऊ दिवसांची. नाव ठेवायचं राहिलं."

 चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या मंगलाबाईला हे ठाऊक नव्हतं, आणि मला तर केव्हाचं माहीत होतं, असं ती पहिल्यांदाच म्हणाली नाही. तिने मेथीची टोपली उचलली, आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली की बाजरी दळून ठेवलीय, उद्यापासून भाकरी देते, पोळ्यांनी तुमचं पोट बिघडतंय.

बाई चहा घेऊन गेल्या. चहा कारभारीने केला, सगळ्यांपुरता, आणि शौकत म्हणाला, पाच माणसांचा याला एवढा चांगला जमतो तर मला रोज दोनाचा का पाजतो कुणास ठाऊक. नवनाथही प्याला. तो जाताना म्हणाला की सुरतवाला एक जण गावीच राहायला येतो म्हणतोय, तेवढा आला तर होईल.

सगळे गेल्यावर, दिवे लागायच्या सुमारास, फाटकापाशी गोटीराम दिसला. तो आत येत नव्हता.

"काका," तो तिथूनच म्हणाला, "म्हणजे पेठची कुणीच नव्हती?"

"नाय रे."

"दिंडोरीची पण?"

"नाय."

गोटीरामने फाटकाचा कोयंडा उगाच वर-खाली केला. दहा दिवस त्याने बऱ्याच आशेवर काढले होते, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. कारभारीला वाटलं, या पोराचं आपण काहीतरी देणं लागतो.

"ये, बस," तो म्हणाला. "माझी मावसबहीण चांदवडला असती. तिला विचारून बघू. पण आधी सदऱ्याला इस्त्री करायला शिक."

आणि तो आत जाऊन दोघांचा चहा टाकायला लागला.